पुस्तकाचे पैसे कोण देतं?

लेखकाने पदरमोड करून छापलेलं पुस्तक हे खरोखरचं पुस्तक मानायचं का, हा वाद आपल्याकडच्या, बडोद्यातल्या मराठी मंडळांत पुन्हा सुरू झाला आहे. पुरस्कारासाठी ते घ्यायचं का, वाचनालयाच्या कपाटात ठेवायचं का, त्यावर परीक्षण लिहायचं का? एका बाजूचे लोक म्हणतात, निवृत्तीनंतर फंडाचे पैसे हातात आले की जो तो लेखक होतो. प्रकाशकांनी परत पाठवलेलं बाड घरच्या खर्चाने छापलं म्हणून त्याचा ग्रंथ होत नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, प्रकाशकांचे दिवस भरले, आता लेखकच मालक, लॅपटॉप उघडा आणि व्हा प्रकाशक. दोन्ही बाजू तावातावाने बोलतात आणि दोघांचीही नजर एकाच गोष्टीवर खिळलेली असते: छपाईचं बिल कोणी भरलं?

मला हा प्रश्नच दुय्यम वाटतो. पुस्तक काढून ज्याला चार पैसे मिळतात त्याला ते वाचकाकडून मिळतात की लेखकाकडून, हे विचारायला हवं. ज्याची कमाई वाचकाच्या खिशातून होते, त्याला वाचकाची भीती असते. ज्याची कमाई लेखकाच्याच खिशातून झालेली आहे, त्याला पुस्तक वाचलं गेलं काय आणि गोदामात पडून राहिलं काय, सारखंच. या कसोटीवर स्वतंत्र लेखक आणि जुना, रीतसर प्रकाशक एका रांगेत उभे राहतात. रांगेबाहेर राहतो तो तिसराच कोणी. त्याच्याकडे पुढे येतोच. आधी एक सांगून टाकतो, मीही बडोद्याच्या इतिहासावरचं एक पुस्तक स्वतःच काढलं आहे. त्यामुळे माझं म्हणणं त्या बेताने वजा करून वाचायला हरकत नाही.

विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा संपादनाचा आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. कवितासंग्रह फसला तर कवी फसतो. ललितेतर, म्हणजे इतिहास, चरित्र, माहिती अशा पुस्तकातली चूक मात्र तिथेच थांबत नाही. पुढचा लेखक ती उचलतो, त्याच्यावरून वर्तमानपत्र उचलतं, आणि दहा वर्षांनी तीच चूक ‘सर्वश्रुत’ होऊन बसते. आपल्याच शहरातलं उदाहरण घ्या. सयाजीरावांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये सुरू केलं ते अमरेली भागात, प्रयोग म्हणून. संपूर्ण राज्याला ते लागू झालं १९०६ मध्ये. ही दोन सालं किती सहज एकमेकांत मिसळतात! ज्याच्या हस्तलिखितावर दुसऱ्या कोणाची पेन्सिल फिरलेली नाही, तो लेखक १८९३ लिहून ‘संपूर्ण संस्थानात’ असं बिनदिक्कत म्हणून जातो. संपादकाशिवाय निघालेली ललितेतर पुस्तकं बव्हंशी अशीच असतात, हे मान्य केलं पाहिजे. त्यात वर मराठीतला स्वतंत्र लेखक अनेकदा स्वतःची प्रुफं स्वतःच वाचतो. स्वतःच्या मजकुरातली चूक डोळ्याला दिसत नाही, तो जे लिहायचं होतं तेच वाचतो.

पण या मुद्द्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. संपादन हवं याचा अर्थ प्रकाशक हवा असा होत नाही, कारण प्रकाशकाचं नाव म्हणजे संपादनाची हमी नव्हे. तुमच्या कपाटातली नामांकित संस्थांची चरित्रं, इतिहास, प्रवासवर्णनं काढून बघा. कितींना शेवटी सूची आहे? कितींत छायाचित्राखाली ते कुठून मिळालं हे छापलंय? मराठीत संपादक म्हणून पगार घेणारी माणसं आधीच थोडी, आणि जिथे आहेत तिथे एकेकाच्या टेबलावर ढिगारा. अनेकदा ‘संपादन’ या नावाखाली होतं ते ऱ्हस्वदीर्घ तपासणं. स्वतंत्र लेखकाला हे काम विकत घेता येतं, आणि घेतलंच पाहिजे: मोबदला देऊन एक संपादक, स्वतःहून वेगळा असा मुद्रितशोधक, आणि ज्या विषयावर पुस्तक आहे त्या विषयातली निदान दोन खडूस माणसं. दफ्तरातल्या मोडी कागदांवर लिहिणाऱ्याने मोडी जाणणाऱ्याला दाखवावं, मधुमेहावर लिहिणाऱ्याने डॉक्टरला. मुखपृष्ठावरच्या चित्राला खर्च करणारे आणि या कामाला ‘मित्र बघतील’ म्हणणारे लेखक मी पाहिले आहेत. त्यांची पुस्तकं वाचनालयाने नाकारली तर मला वाईट वाटणार नाही. मात्र ती संपादन नाही म्हणून नाकारावीत, प्रकाशक नाही म्हणून नव्हे.

प्रकाशनाआधी मजकूर तपासून घेण्याची एक जुनी पद्धत आपल्या शहराशी जोडलेली आहे आणि आपण ती विसरलो. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. ‘दीनबंधू’ने पहिली दोन प्रकरणं छापली आणि पुढचं छापणं थांबवलं. म्हणजे आजच्या भाषेत, स्वतःच्या चळवळीतल्या पत्राकडूनही नकार. फुल्यांनी काय केलं? हा मजकूर त्यांनी ठिकठिकाणी लोकांना वाचून दाखवला. आणि बडोद्याला येऊन खुद्द सयाजीरावांना तो साग्र ऐकवला, असं ते प्रस्तावनेत नमूद करतात. महाराजांनी लक्षपूर्वक ऐकला आणि द्रव्यसाहाय्यही केलं. शेतकरी जगतो कसा आणि नागवला जातो कसा, हे ज्याच्याबद्दल लिहिलं त्याच्याच समोर आणि ज्याच्या हाती राज्य आहे त्याच्याही समोर उच्चारायचं, यापेक्षा कडक परीक्षा कोणत्या प्रकाशनसंस्थेत होते? ज्यांना ‘छापखाना मिळाला नाही म्हणून कमअस्सल’ हा न्याय लावायचा आहे, त्यांनी तो आधी असुडाला लावून दाखवावा.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ मध्ये सुरू झाली आणि तिचे ८४ अंक निघाले. बहुतेक सगळा मजकूर एकट्याचा, आणि तो काढला त्यांनीच. पुढे त्यांनी किताबखाना काढला, चित्रशाळा आणि आर्यभूषण छापखान्याच्या उभारणीत भाग घेतला. मराठी निबंधाचा पाया घातला म्हणून आपण ज्याला मानतो, तो माणूस आजच्या वादात कुठल्या कपाटात बसेल? फुले आणि चिपळूणकर यांचं आपसात काडीचंही पटत नव्हतं, निबंधमालेतला फुल्यांवरचा हल्ला प्रसिद्धच आहे. पण आपल्या लेखनासाठी कोणाच्या परवानगीची वाट बघायची नाही, एवढ्यावर दोघांचं वागणं एकच.

इथे विरोधक म्हणतील की ते युगप्रवर्तक होते, गल्लोगल्लीचे लेखक नव्हते. बरोबर. युगप्रवर्तक होता म्हणून एखाद्याचं स्वप्रकाशन माफ करायचं ही पळवाट आहे, हेही तितकंच बरोबर. म्हणून मला उदाहरण म्हणून जास्त उपयोगी वाटतात ते श्रीधर व्यंकटेश केतकर, कारण त्यांनी नुसतं लिहिलं नाही, ते विकायला बाहेर पडले. महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सरकारी अनुदानावर किंवा एखाद्या दानशूराच्या थैलीवर उभे राहिले नाहीत. केतकरांनी नागपुरात ज्ञानकोश मंडळ नावाची लिमिटेड कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार जमवले. परदेशातून डॉक्टरेट घेऊन आलेला माणूस गावोगाव जाऊन न छापलेल्या पुस्तकासाठी पैसे मागत होता. आणि त्या सगळ्या उद्योगाचा हिशेब त्यांनी पुढे लिहूनही ठेवला. मराठीतला ललितेतर लेखनाचा सर्वांत मोठा उद्योग जर हातात पावतीपुस्तक घेऊन उभा राहिला असेल, तर ‘लेखकाने आपलं पुस्तक आपण विकणं शोभत नाही’ हे सोवळं आलं कुठून?

याचा दुसरा अर्धा भागही सांगायला हवा. केतकर श्रीमंत झाले नाहीत. १९३७ मध्ये ते गेले ते ओढगस्तीतच. विकण्याची हिंमत म्हणजे विक्रीची हमी नव्हे, आणि जे आज ‘स्वतःचा ब्रँड तयार करा, आधी फॉलोअर वाढवा, मग पुस्तक लिहा’ असे वर्ग चालवतात ते ही गोष्ट सांगत नाहीत. माझा त्यांच्यावर मुख्य आक्षेप असा की ते सगळ्या पुस्तकांना एकच औषध देतात. ललितेतर पुस्तक शोधलं जातं विषयावरून. ज्याला तंजावरच्या मराठ्यांबद्दल वाचायचं आहे त्याला लेखकाच्या रीलशी कर्तव्य नसतं. त्याला पुस्तकाच्या नावात ‘तंजावर’ हवं असतं. लेखक मात्र हौसेने नाव ठेवतो ‘स्मृतीच्या पारंब्या’, विषय जातो उपशीर्षकात, मग विक्री नाही म्हणून वाचनसंस्कृतीच्या नावाने गळा काढतो. नाव स्पष्ट असणं, एखादं प्रकरण दिवाळी अंकात आधी येऊन जाणं, विषयाशी ज्यांचा संबंध आहे अशा लोकांत जाऊन बोलणं, याला जाहिरात म्हणा की नका म्हणू, ललितेतर पुस्तक विकलं जातं ते बहुतेक यातूनच.

आता तो रांगेबाहेरचा. लेखकाला फोन येतो: आम्ही तुमचं पुस्तक काढू. सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशी पॅकेजं. पॅकेजात काय? एक, आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाची ओळख पटवणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक. तो भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून मोफत मिळतो, आणि स्वतंत्र लेखकही त्यासाठी अर्ज करू शकतो. दोन, राष्ट्रीय ग्रंथालयात नोंद. त्यासाठी १९५४ चा कायदा आहे, आणि त्यानुसार प्रत्येक प्रकाशकाने प्रसिद्धीनंतर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरवून दिलेल्या इतर ग्रंथालयांना स्वखर्चाने प्रत पाठवायचीच असते. जे कायद्याने बंधनकारक आहे ते सुविधा म्हणून विकलं जातं. तीन, ‘जगभरात उपलब्ध’, म्हणजे ऑनलाइन दुकानात एक पान. चार, पुरस्कार, आणि कधीकधी तो देणाराही तोच. लेखकाची सही झाली आणि रक्कम जमा झाली की या धंद्याचा नफा झालेला असतो. पुढे पुस्तक खपवणं हे त्याच्या दृष्टीने निव्वळ खर्चाचं काम.

आणि हाच तिसरा माणूस वादात ‘प्रकाशक’ म्हणून मोजला जातो! त्याचं बोधचिन्ह मुखपृष्ठावर असलं की पुस्तक पुरस्काराला चालतं, कारण ते ‘स्वप्रकाशित’ नाही. घरचा पत्ता छापून, संपादकाला मोबदला देऊन, सूचीसाठी महिने घालवून काढलेलं पुस्तक मात्र बाद. कायद्यालासुद्धा हा भेद माहीत नाही; प्रत पाठवण्याचं बंधन घरच्या पत्त्यावरून प्रकाशन करणाऱ्यालाही तेवढंच लागू आहे. आपलं मंडळ कायद्याहून सोवळं. करारांबद्दल एवढंच सांगतो की हक्क देताना मुदत लिहिलेली नसेल तर १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे ती पाच वर्षं धरली जाते. पॅकेजवाल्यांच्या करारात मुदत बहुधा लिहिलेली असते, आणि ती कोणाच्या सोयीची असते हे सांगायला नको.

हिशेब कोरडा असतो पण तो केल्याशिवाय या विषयावर बोलू नये. समजा, दोनशे पानांचं पुस्तक, किंमत ३०० रुपये. रीतसर प्रकाशकाने दहा टक्के मानधन दिलं तर लेखकाला प्रतीमागे ३० रुपये. स्वतः काढलं, विक्रेत्याला ४० टक्के दिले, तर १८० उरतात. छपाई-बांधणीचे १०० गेले की राहिले ८०. या ८० मधून संपादन, मुद्रितशोधन, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ आणि न खपलेल्या प्रतींचा भार. म्हणजे स्वतंत्र लेखक प्रतीमागे जास्त कमावतो हे खरं, पण पहिल्या काही शे प्रती संपेपर्यंत तो कमावत नाही, फेडत असतो. ‘मधले दलाल गेले की सगळा नफा लेखकाचा’ म्हणणाऱ्यांनी हे आकडे कागदावर मांडून बघावेत. आणि ‘स्वप्रकाशन म्हणजे सोपा मार्ग’ म्हणणाऱ्यांनीही.

बडोद्यातून काढायचं तर अडचण आणखी एक आहे. २०११ च्या जनगणनेत गुजरातमध्ये मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ९ लाख होते. दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या घरांत आजीला मराठी वाचता येतं, नातवाला बोलता येतं. मराठी पुस्तकाचा वाचक इथून टपालाने गाठावा लागतो, पुणे, नागपूर, इंदूर, ग्वाल्हेर, कुठेही. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने पुस्तकांसाठीची जुनी सवलतीची सेवा एकाएकी बंद केली तेव्हा ललितेतर पुस्तकं काढणाऱ्या छोट्यांना जो फटका बसला, त्याची चर्चा आपल्या साहित्यिक व्यासपीठांवर कितीशी झाली? १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ज्ञान पोस्ट ही नवी सेवा आली: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १००, वर कर. दोनशे पानांचं डेमी आकारातलं पुस्तक कागद जपून निवडला तर ३०० ग्रॅमच्या आत बसतं. स्वतंत्र लेखकाला कागदाचं वजन ठरवताना टपालाचा दर आठवावा लागतो. हे प्रकाशकाचं काम आहे, आणि जो ते करतो तो प्रकाशक.

आता विरोधकांचा दुसरा भक्कम मुद्दा. काही पुस्तकांना वाचक पैसे देऊच शकत नाहीत, कारण वाचकच मूठभर. हेही खरं. गायकवाड ओरिएंटल सीरिज ही जुन्या, मुख्यतः संस्कृत ग्रंथांची माला १९१६ मध्ये राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’पासून सुरू झाली, वाचकांच्या वर्गणीवर ती माला निघालीच नसती. गोविंद सखाराम सरदेसाई बडोद्याच्या नोकरीत होते, राजपुत्रांना शिकवत होते, म्हणून ‘मराठी रियासत’ या त्यांच्या इतिहासग्रंथाचं काम त्यांच्या हातून सुरू होऊ शकलं. राजाश्रयाने जे केलं ते बाजाराने केलं नसतं. म्हणून बडोद्याचा मराठी माणूस आजही मनातून कोणा सयाजीरावांची वाट बघतो: कोणीतरी मोठ्याने पुस्तकाला मान्यता द्यावी, पैसे द्यावेत, मग ते पुस्तक.

पण सयाजीरावांचा आश्रय कसा चालायचा हे बघितलं का? १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला आणून संस्थानात ग्रंथालयांचं जाळं उभारायला घेतलं. गावच्या वाचनालयाला दरबार सरसकट पैसे देत नव्हता. गावकऱ्यांनी आधी आपला वाटा गोळा करायचा. तेवढाच वाटा प्रांत पंचायत घालणार, आणि तेवढाच सरकार. गावाने काही जमवलं नाही तर दरबारही काही देणार नाही. राजाकडे पैसा होता, तरीही वाचकाच्या खिशातलं पहिलं नाणं त्याला हवं होतं, कारण त्यावरूनच गावाला पुस्तकं हवी आहेत का हे कळायचं.

हीच रीत आजच्या स्वतंत्र ललितेतर पुस्तकाला का लावू नये? मराठीला प्रकाशनपूर्व सवलत नवी नाही. लेखकाने पुस्तकाचा आराखडा, एक पूर्ण प्रकरण आणि सूचीचा नमुना दाखवून वाचकांकडून आगाऊ किंमत घ्यावी. ठरलेल्या संख्येइतके वाचक मिळाले तर मंडळाने तितक्याच प्रती विकत घेऊन शाळांना आणि वाचनालयांना द्याव्यात. वाचक मिळाले नाहीत तर लेखकाने पैसे परत करून गप्प बसावं, किंवा पुन्हा लिहावं. पुरस्काराच्या नियमांतली ‘स्वप्रकाशित नको’ ही ओळ काढून टाकावी आणि तिच्या जागी विचारावं: संपादन कोणी केलं, विषयातल्या कोणी हस्तलिखित तपासलं, सूची आणि संदर्भ आहेत का, आणि लेखकाने प्रकाशकाला पैसे दिले का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर पुढचं पान उलटायची गरज नाही. स्वतः छापणाऱ्याने कोणालाच पैसे दिलेले नसतात, फक्त छापखान्याला आणि संपादकाला दिलेले असतात, हा फरक परीक्षकांना कळायला अवघड नाही.

गरीब लेखकाचं काय, असं विचारतात. आगाऊ वर्गणीत त्याचा पदरचा खर्च कमीच होतो. पॅकेजात तो सगळा त्याच्या डोक्यावर येतो. एखाद्या चांगल्या पुस्तकाला पुरेसे वाचक आधी मिळणार नाहीत, ही भीती मात्र मी पूर्णपणे दूर करू शकत नाही. तसं होईल. पण मोफत प्रतींची सवय आधी मोडली तर निदान किती वाचक आहेत हे तरी समजेल. आपल्यासारख्या लहान समाजात पुस्तक निघालं की ओळखीचा प्रत्येक माणूस सही केलेली भेट प्रत मागतो, ती मिळते, आणि लेखकाला वाटतं पुस्तक पोचलं. उरला मंडळाचा प्रश्न. मंडळं म्हणतात, आमच्याकडे पुस्तकं घ्यायला पैसे नाहीत. प्रकाशन समारंभाला सभागृहाचं भाडं, चार शाली, चार श्रीफळं, फ्लेक्स, पाहुण्यांचं भाडं आणि शेवटी श्रीखंड-पुरी असते. त्या रकमेत ३०० रुपयांच्या किती प्रती येतात, हे खजिनदारांनी पुढच्या सभेत वाचून दाखवावं.